फॉर्म्युलाचा रस्ता संपला, आता जीटीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या रेसिंग गाड्यांकडे वळायचंय. सुरुवात कुठून करू?

अपेक्स_हुकला :
नवव्या वर्षी कार्टिंग सुरू केलं, आता एकोणीस पूर्ण. फॉर्म्युला फोरचे दोन सीझन झाले. एकदा पोडियम, बाकी मधल्या घोळक्यात. फॉर्म्युला थ्रीचा खर्च ऐकल्यावर बाबा काही बोलले नाहीत, बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी काय ते समजलो.

सगळे सांगतात की स्पोर्ट्स कारमध्ये पगारी ड्रायव्हर होता येतं. पण म्हणजे नेमकं कसं? एका लॅपच्या वेगात मी कुणाला हार जाणार नाही, हे नक्की. पुढची पायरी कोणती? आणि सिम्युलेटरवरून खरंच कुणी आत शिरतं का?

लेट_ब्रेकर :
सरळ उत्तर म्हणजे एका बनावटीच्या गाड्यांची कप मालिका. पोर्शे कॅरेरा कप धर. सगळ्यांना सारखीच गाडी, त्यामुळे लपायला जागा नाही. अर्ल बॅम्बरचं बघ. पैसे संपले म्हणून सिंगल सीटर (म्हणजे तुझं फॉर्म्युलाच) सुटलं, मग पोर्शेची शिष्यवृत्ती मिळाली. 2014 ला पोर्शेचा सुपरकप जिंकला आणि 2015 ला थेट ल मान्सची चोवीस तासांची शर्यत, तेही पहिल्याच प्रयत्नात.

सिम्युलेटरचं म्हणशील तर यान मार्डनबरो 2011 च्या जीटी अकॅडमीतून (व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडणारी स्पर्धा) आला आणि 2013 ला ल मान्समध्ये एलएमपी2 वर्गात (फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या प्रोटोटाइप गाड्यांचा वर्ग) तिसरा होता. पण ती स्पर्धा 2016 नंतर बंद झाली. त्या दाराची वाट बघू नकोस.

डेटावाला :
मी ड्रायव्हर नाही. नऊ वर्षं जीटी3 टीममध्ये डेटा इंजिनिअर आहे, म्हणजे तुम्ही लोक गाडीतून उतरून जे सांगता ते खरं की खोटं हे मला स्क्रीनवर दिसतं. त्यामुळे थोडं कडू लिहितोय, रागावू नकोस.

"एका लॅपच्या वेगात" हे वाक्य टीम मॅनेजरसमोर बोलू नकोस. सांगतो का ते.

एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ड्रायव्हरांना चार श्रेणी देते : प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचा धंदा सांभाळून तिशी-चाळिशीनंतर रेसिंगला लागलेले गृहस्थ. जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) स्पर्धेच्या एलएमजीटी3 वर्गात प्रत्येक गाडी आळीपाळीने चालवणाऱ्यांत असा एक ब्रॉन्झ लागतोच, आणि इतर प्रो-ॲम (व्यावसायिक आणि हौशी एकाच गाडीत) मालिकांचंही गणित थोड्याफार फरकाने तेच. गाडीचा खर्च बऱ्याचदा हेच गृहस्थ उचलतात. तुझा पगार त्यांच्या खिशातून येणार, हे आधी पचव. तुझ्या वयाला आणि निकालांना बहुधा सिल्व्हर मिळेल, आणि वेगवान सिल्व्हरसारखं सोनं नाही.

आता एक प्रसंग. एका सीटसाठी दोन सिल्व्हर पोरांची चाचणी होती. पहिला दर लॅपला तीन दशांश सेकंदाने वेगवान. उतरला, हेल्मेट काढलं, "गाडी मागून सैल आहे" म्हणाला आणि फोन घेऊन कोपऱ्यात बसला. दुसरा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "त्यांचा आलेख लावा." आमचे ब्रॉन्झ गृहस्थ एका वेगवान उजव्या वळणात फार वेळ घालवायचे. ब्रेक लवकर, तोही अर्ध्या दाबाने, मग ना ब्रेक ना थ्रॉटल अशी गाडी नुसती घरंगळत न्यायची. हा पोरगा त्यांना इतकंच म्हणाला, "काका, तिथे गाडी कशामुळे निसटेल असं वाटतं?" डाउनफोर्सवर, म्हणजे वेगात हवा गाडीला खाली दाबते त्या जोरावर, त्यांचा विश्वासच नव्हता. दोघं मिळून ट्रॅकवर चालत ते वळण बघून आले. संध्याकाळपर्यंत गृहस्थ लॅपला एक सेकंद सुधारले.

हिशेब कर. गृहस्थ शर्यतीत साठ लॅप चालवणार असतील तर तो एक सेकंद म्हणजे पूर्ण मिनिट. पहिल्याचे तीन दशांश साठ लॅपला अठरा सेकंद. सीट कुणाला मिळाली हे लिहायला नको. पहिला अजूनही म्हणतो की वशिला लागला.

बाकी कामही असंच, न दिसणारं. मागून येणाऱ्या प्रोटोटाइपला जागा देताना स्वतःचा लॅप न नासणं. पहाटे तीनला टायर थंड असताना कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंच पट्टीवर) न चढणं. ड्रायव्हर बदलताना उतरणाऱ्याने बसणाऱ्याचे पट्टे ओढून द्यायचे असतात. आम्ही ते गॅरेजमध्ये कंटाळा येईपर्यंत करवून घेतो. आणि सेटअप तुला एकट्याला आवडेल असा कधीच नसणार. अनुभव नसलेल्या माणसालाही जी गाडी भरवशाची वाटते, ती तुला वेगाने चालवायचीय. थोडी अंडरस्टीअर करणारी (वळणात पुढून बाहेर सरकणारी), कंटाळवाणी गाडी.

लेट_ब्रेकर :
मान्य, पण नशीब विसरलात. 2009 ला ल मान्समध्ये कोलेस टीमच्या ऑडीत नारायण कार्तिकेयन होता. सुरू होण्याआधी पिट वॉलवरून उतरताना त्याचा खांदा निखळला. उरलेल्या दोघांनी चोवीस तास काढून गाडी सातवी आणली. त्यातला एक आंद्रे लोटेरर, तिथे पहिल्यांदाच आलेला. पुढच्या वर्षी तो ऑडीच्या फॅक्टरी टीममध्ये (कंपनीच्या स्वतःच्या), आणि मग 2011, 2012, 2014 असे तीन विजय.

डेटावाला :
नशीब खरं. पण तिसऱ्या माणसाचे तास अंगावर घेऊनही त्याने गाडी शाबूत आणली, ते नशीब नव्हे.

अपेक्स_हुकला :
काका, वाचून दोन दिवस गप्प होतो. एक शंका. मी कप मालिका जिंकली आणि सिल्व्हरचा गोल्ड झालो, तर ज्या गाडीत सिल्व्हर हवाय तिथली जागा जाणार. मग जिंकायचं की नाही?

डेटावाला :
हा प्रश्न विचारलास म्हणजे तू टिकशील.

गोल्ड झाल्यावर घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत. गोल्डच्या जागेसाठी समोर फॅक्टरीचे करारबद्ध ड्रायव्हर उभे असतात, आणि तू त्यांच्यापुढे नवखा. म्हणून काही जण मुद्दाम पाय आखडतात. तसं करू नकोस. एक तर एफआयए निकाल बघून श्रेणी बदलू शकते, आणि दुसरं, आम्हाला ते दिसतं. सरळ रेषेत थ्रॉटल नव्वद टक्क्यांवर धरणारा पाय लपत नाही. जिंक, पण त्याच वर्षी एखाद्या कंपनीच्या ज्युनियर निवडीला अर्ज टाक. आणि दरम्यान ड्रायव्हर कोचिंगची कामं घे. अनेक व्यावसायिकांचं पोट शर्यतींपेक्षा त्यावरच जास्त चालतं, आणि गृहस्थांशी ओळखी तिथेच होतात.

अपेक्स_हुकला :
पुढच्या महिन्यात एका जीटी4 (जीटी3 च्या खालची पायरी) टीमने अर्धा दिवस बसायला बोलावलंय. माझी उंची सहा फूट दोन इंच, त्यांचे गृहस्थ बरेच बुटके. अडचण येईल का?

डेटावाला :
सीट तुझ्या मापाने लागेल, गृहस्थ फोमचा इन्सर्ट घालून बसतील. तू फक्त हेल्मेट छताच्या पिंजऱ्याला घासतंय का ते बघ, आणि घासत असेल तर पहिल्या लॅपआधी सांग, नंतर नाही. आणि जाताना वही ने.