मदत हवी आहे: गांधीजी–लिनलिथगो पत्रव्यवहार आणि फेब्रुवारी १९४३ ची मराठी वर्तमानपत्रं

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोंना लिहिलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं यांचं अभिवाचन आमच्या वाचनालयात बसवतोय. मूळ इंग्रजी पत्रं हाताशी आहेत, मराठी मी करतोय.

या पत्रांतलं ३१ डिसेंबर १९४२ चं पत्र मला सर्वांत मोलाचं वाटतं. हे अगदी खासगी पत्र आहे, असं सांगूनच गांधीजी सुरुवात करतात. राग मनात ठेवून सूर्य मावळू देऊ नये असं बायबल सांगतं, मी मात्र कितीतरी सूर्य मावळू दिले, आता जुनं वर्ष सरण्याआधी मन मोकळं करतो, असं ते लिहितात. कैदी राज्यकर्त्याला मित्र म्हणून जाब विचारतोय! आणि महिन्याभरात सूर पार पालटतो. २९ जानेवारीच्या पत्रात एकवीस दिवसांच्या उपोषणाची सूचना, तर ५ फेब्रुवारीच्या उत्तरात व्हाइसरॉय त्याला राजकीय ब्लॅकमेल म्हणतात. उपोषणापुरतं सोडतो, हा सरकारचा देकारही गांधीजींनी नाकारला. १० फेब्रुवारी ते ३ मार्च उपोषण चाललं.

माझी अडचण इथून पुढची आहे. नुसती पत्रं वाचली तर दोनच माणसं बोलताना ऐकू येतात. तेव्हा बाहेर आपल्या लोकांना काय कळत होतं, हेही श्रोत्यांपर्यंत पोचायला हवं. त्यासाठी त्या तीन आठवड्यांतल्या मराठी बातम्या आणि अग्रलेख हवेत. 'केसरी', 'नवाकाळ' किंवा विदर्भातलं एखादं पत्र, काहीही चालेल. जुन्या फायली कुठे बघायला मिळतात आणि पानांचे फोटो काढू देतात का? जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ग्रंथालयांबद्दल कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

दुसरं, यवतमाळकरांना खास विनंती. याच उपोषणाच्या वेळी लोकनायक बापूजी अणे यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. उपोषण चालू असताना व्हाइसरॉयच्या शेजारची खुर्ची सोडणारा आपला माणूस या अभिवाचनात असलाच पाहिजे. त्यावर अण्यांनी मराठीत काही लिहिलंय किंवा भाषणात सांगितलंय का? असेल तर निदान कुठे छापलंय तेवढं कळवा, मजकूर मी स्वतः जाऊन उतरवून आणेन.