रोमन डिनेरियस विकत घ्यावा का?

नाणेवेडा: रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा साधा डिनेरियस, म्हणजे चांदीचं नाणं, ब्रिटनमध्ये 50-60 पौंडांत मिळून जातो. अठराशे वर्षांपूर्वीचं नाणं! माझं मत सरळ आहे, परवडत असेल तर घ्यावं. रोमन टांकसाळींनी ही नाणी लाखोंनी पाडली, संग्रहालयांच्या कपाटांत ढिगानं आहेत. आपण एक घेतलं म्हणून कुणाचं काय बिघडलं?

खापरवाला: बिघडतं. 2010 मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना मेटल डिटेक्टरवर नाणी लागली. त्यांनी खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. एकाच रांजणात 52,503 नाणी! ती थराथरानं काढली, तेव्हा दिसलं की शेवटच्या काळातली, म्हणजे तेव्हा ब्रिटनवर राज्य करणाऱ्या कॅरॉसियसची बहुतेक नाणी वर नव्हतीच, अर्ध्याच्याही खाली होती. म्हणजे रांजण वर्षानुवर्षं थोडा थोडा भरलेला नाही. देवाला वाहिलेला असावा, असंही काही अभ्यासक म्हणतात. हीच नाणी सुटी विकली असती तर यातलं काय कळलं असतं?

नाणेवेडा: पण क्रिस्प हौशीच ना? तिथे 1996 चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, सापडलेला खजिना कळवायला लावणारा कायदा; संग्रहालयानं 3,20,250 पौंड मोजले, शोधणारा आणि जमीनमालक दोघांना वाटा मिळाला. मोबदला मिळतो म्हणून लोक कळवतात. आपल्याकडे सापडलेलं मुकाट्यानं सोनाराच्या मुशीत जातं, त्याचं काय? (आणि त्या रांजणात चांदीचे डिनेरियस जेमतेम पाच होते, हेही सांगा की.)

खापरवाला: चांदीचंच हवं? कोइम्बतूर भागातल्या साठ्यांत ऑगस्टस-टायबेरियस या सम्राटांचे डिनेरियस भरपूर. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोनं नाण्यातली चांदी घटवली, त्यानंतरची नाणी इकडे फार कमी. आपले व्यापारी चांदी पारखून घेत, हा तर्क साठा एकत्र पाहिल्यावरच करता येतो.

गलबत: मी रोमन सेनापती मार्क अँटनीचे डिनेरियस घेतो, इ.स.पू. 32-31 चे, एका बाजूला गलबत, दुसऱ्या बाजूला गरुडध्वज. ऑक्टेव्हियनविरुद्धच्या अ‍ॅक्टियमच्या लढाईआधी सैन्याच्या पगारासाठी पाडलेले. चांदी हिणकस, म्हणून कुणी साठवले नाहीत, वापरून वापरून गुळगुळीत झाले. मला तेच आवडतं. पण 1970 पूर्वीच्या (त्या वर्षी पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला) लिलावाच्या कॅटलॉगात त्याच नाण्याचा फोटो असेल तरच घेतो.

खापरवाला: हे मान्य. पण बहुतेक ठिकाणी नाणं कुठून आलं याबद्दल नुसतं ‘जुना युरोपीय संग्रह’ लिहिलेलं असतं. कुणाचा? कधीचा?

नाणेवेडा: फोटोचा हट्ट धरला तर नवशिक्यानं काय घ्यायचं? स्वस्त नाण्यांचे फोटो तेव्हा छापतच कुठे होते?

गलबत: नाही मिळालं तर नाही घ्यायचं.