मदत हवी आहे: मणक्याच्या ऑपरेशननंतर घरची काळजी

नमस्कार मंडळी. आमचे काका आंबे उतरवताना झाडावरून पडले आणि कमरेचा पहिला मणका, म्हणजे एल-1, चेचला गेला. मज्जारज्जूवर दाब होता म्हणून स्क्रू-रॉड टाकून ऑपरेशन झालं. पायांत ताकद आहे, लघवीची नळीही निघाली, हेच मोठं. आता घरी आणलंय. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कुशीवर वळवूनच उठवतो, पण या उकाड्यात पाठीला आधार म्हणून बांधायच्या पट्ट्याखाली घामोळं उठलंय. आत सुती बनियन घालूनही भागत नाही, आणि काका पट्टा काढा म्हणून हटून बसतात. तुमच्याकडे काय उपाय केलात? रत्नागिरीकडे घरी येणारे फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? शिवाय विडी सुटत नाही. हाड जुळायला ती आड येते, पण काकांपुढे बोलणार कोण! मालिशवाल्यांचे पत्ते मात्र कृपया नकोत.