'अज्ञान', 'अडाणी' की 'अविद्या'?

दिंडोरीकर
द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी पत्रक लिहितोय. 'अज्ञानामुळे विषबाधा होते' हे वाचून दाखवलं आणि पेठकडचे एक बाबा उखडले. "आम्ही काय अडाणी का? हिरव्या खुणेचं औषध बाधत नाही, ठाऊक आहे आम्हाला." डब्यावरच्या खुणेत लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण तेही विषच. बाबांना माहिती नव्हती असं नाही. होती, पण उलटी. ह्याला नेमका शब्द कोणता?

गंगाकाठ
अविद्या. योगसूत्रांत (2.5) अनित्याला नित्य, अशुचीला शुची समजणं ही अविद्या. भाष्यात दाखला आहे: 'अमित्र' म्हणजे मित्र नसणं नव्हे, शत्रू. तशी अविद्या म्हणजे विद्येचा अभाव नव्हे, विद्येच्या विरुद्ध असलेलं ज्ञान. जोतीरावांनी 1883 साली 'इतके अनर्थ एका अविद्येने केले' लिहिलं, ते उगीच नाही.

शब्दवेडी
जोतीरावांची अविद्या योगसूत्रांतली नाही हो! त्यांची सुरुवातच 'विद्येविना' अशी आहे. शिकू दिलं नाही, हा आरोप आहे त्यात. तिला मनाचा भ्रम म्हटलं की शिकू न देणारे नामानिराळे राहतात. पत्रकात सरळ 'गैरसमज' लिहा.

गंगाकाठ
'गैर' अरबी आहे. 'विपरीत ज्ञान' का नको?

शब्दवेडी
गैरसोय, गैरहजर चालतं, मग गैरसमजाने काय घोडं मारलंय? बागेत 'विपरीत ज्ञान' कुणाला कळणार?

माजी तलाठी
आमच्या दप्तरात 'अज्ञान' म्हणजे अठराच्या आतला. सातबाऱ्यावर नावापुढे 'अ.पा.क. आई' असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई. त्यात कमीपणा काही नाही, वयाचा हिशोब आहे. मात्र मूल सज्ञान झालं तरी शेरा आपोआप जात नाही, अर्ज करावा लागतो. निफाडकडे पोराबाळांचे बाप झालेले खातेदार कागदावर अज्ञानच असतात आणि जमिनीचा व्यवहार करायला निघाले की अडतात. अर्ज करा, एवढंच सांगणं.

नाशिकरोड
'अडाणी' मुळात 'अज्ञानी'च. अज्ञानी, अण्णाणी, अनाडी, अडाणी. राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली, तसंच.

गंगाकाठ
ज्ञचा ण होतो, मान्य. पण ड कुठून आला?

नाशिकरोड
वर्णांची अदलाबदल. लखनौचं नखलौ होतं ना, तसं.

गंगाकाठ
अदलाबदलीसाठी ड आधी शब्दात हवा. 'अनाडी'त तो कसा शिरला, ते सांगा.

सिन्नरची नात
ड कुठूनही येवो. माझी आजी बिड्या वळायची, मजुरी हजारावर. तोंडी हिशोब चोख. सही येत नव्हती म्हणून स्वतःला 'मी अडाणी बाई' म्हणायची. ठेकेदार खराब म्हणून मूठ-मूठ बिड्या बाजूला काढायचा, त्या मजुरीतून जायच्या. कुठली खराब, का खराब, हे तिने कधी विचारलं नाही. अडाण्याने विचारायचं नसतं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. हिशोब येत असून ती गप्प राहायची, ती ह्या एका शब्दामुळे. म्हणून पेठचे बाबा चिडले ते मला फार बरं वाटलं. पत्रकातून 'अज्ञान' काढाच.

शब्दवेडी
+1. आणि 'औषध'ही काढा. कीटकनाशकाला आपण सगळेच औषध म्हणतो, वर खूण हिरवी. शाकाहारी पुड्यावर हिरवा ठिपका बघणाऱ्या माणसाने दुसरं काय समजायचं?

गंगाकाठ
ओषधीपासून औषध. मूळ अर्थ वनस्पतींचा आहे, त्यामुळे फवाऱ्याला तो शब्द...

नाशिकरोड
मूळ अर्थ धरला तर निम्मी मराठी बाद होईल. 'अनाडी'चं उत्तर शोधतोय, थांबा.

दिंडोरीकर
'औषध' काढून 'विष' लिहिलं, तर दुकानात मागायचं काय म्हणून?