अनुभव धागा : लहान मुलं सांभाळताना कामी आलेल्या साध्या युक्त्या (फसलेल्यासुद्धा लिहा)

आमच्या जुळे सोलापुरात नळ चार-पाच दिवसांआड येतो. तोही कधी दुपारी, तर कधी रात्री दीडला. टाकीत किती उरलंय ते बघून पाणी वापरायचं, आणि त्यात घरात अंघोळ नको म्हणणारी तीन वर्षांची लेक. बाथरूमचं दार दिसलं की अंग ताठ. ओरडून झालं, गोष्ट सांगून झाली, मोबाइल दाखवून झाला. मोबाइलचं तर असं झालं, की दुसऱ्या दिवशी मोबाइल नाही म्हणून अंघोळ नाही.

एकदा कंटाळून तिला अंगणात घमेल्यात उभी केली आणि अर्धी बादली पाणी दिलं. घमेल्यात साचलेलं पाणी तिनंच छोट्या तांब्यानं उपसून जास्वंदीला घातलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच घमेलं ओढत आली, "झाडाला तहान लागली." तेव्हापासून अंघोळीची भांडणं संपली. साबणाचं पाणी मात्र जास्वंदीला मानवलं नाही, पानं पिवळी पडायला लागली. आता साबणाऐवजी डाळीचं पीठ.

तुमच्याकडे असं काय काय आहे? पुस्तकातलं नको, घरात करून बघितलेलं लिहा. फसलेलंही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

*

अशोक चौकाजवळ राहतो. घराच्या मागच्या खोलीतच यंत्रमाग आहेत, टॉवेलचं काम. पाहुणे आले की विचारतात, एवढ्या खटखटीत बाळ झोपतं कसं? अहो, ते खटखटीतच झोपतं. लाइट गेली, माग थांबले, की दोन मिनिटांत टक्क जागं. मग आई त्याला खांद्यावर टाकून "बंगारम, बंगारम" करत अंगणात फेऱ्या मारणार. (बंगारम म्हणजे सोनं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. पोरगं दोन्ही उचलतंय, गोंधळ काही झालेला नाही.)

खरी पंचाईत बायकोच्या माहेरी झाली. तिथं रात्री इतकं शांत, की दोन रात्री कुणाला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी इथून मागाचा आवाज मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठवला. तोच फिरवून फिरवून लावला, अगदी बारीक आवाजात आणि मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. पोरगं झोपलं. सासरे मात्र सकाळी म्हणाले, "जावईबापू, मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, रात्रभर स्वप्नात शिफ्ट केली."

*

मी अंगणवाडीत काम करते. माझ्या भागात विडी वळणाऱ्या आया खूप. एका बाईची युक्ती सांगते, माझी नाही.

सूप मांडीवर, पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, हे दिवसभर चालू. दीड वर्षाचं पोर सारखं मांडीवर चढायचं आणि सुपात हात घालायचं. तंबाखूचा हात पोराच्या तोंडात जाणं वाईट, हे तिला कळत होतं, पण हजारी (हजार विड्या) पूर्ण केल्याशिवाय भागतही नव्हतं. तिनं नवऱ्याचा एक जुना चौकड्याचा शर्ट काढला. कामाला बसताना तो साडीवरून घालायचा. पोराला घ्यायचं झालं की शर्ट उतरवून खुंटीला लावायचा, साबणानं हात धुवायचे आणि मगच मांडीवर.

हे तिनं तंबाखूसाठी केलं होतं. फायदा निघाला भलताच. महिनाभरात पोराला कळलं, की शर्ट अंगावर असला म्हणजे आई कामात आणि शर्ट खुंटीला गेला की आई आपली. आता ते शर्टाकडे बघत बघत खेळतं. एकदा मी गेले तर खुंटीकडे बोट दाखवून आईला काहीतरी बजावत होतं. आता त्या गल्लीत चार घरी असे शर्ट आहेत.

उन्हाळ्याचं थोडं लिहिते, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि जुलाब झालेलं मूल बघता बघता मलूल होतं. घरात ओआरएसचं पाकीट ठेवाच. ते नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून. "अंदाजे" अजिबात नको, मीठ जास्त झालं तर उलट त्रास. मी आयांना पाण्याची १ लिटरची बाटली आणि एकच ठरलेला चमचा एकत्र बांधून ठेवायला सांगते. वाटीनं गटागट पाजलं तर उलटी होते, म्हणून चमच्या-चमच्यानं. उरलेलं २४ तासांनी फेकून द्यायचं. आणि मूल सुस्त पडलं, शू कमी झाली, डोळे खोल गेले, तर युक्त्या बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

*

आमच्या सासूबाई बाळगुटी मधात उगाळून द्यायच्या, अजून देतात कुणाकुणाला. खोकल्यालाही मध. आमच्या मुलानं तर पहिल्या दिवशीच मध चाटला. त्याला काही झालं नाही.

*

वरच्या ताईंना : नाराज होऊ नका, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको म्हणजे नकोच. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यानं काही होत नाही, बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. वर्षानंतर खुशाल द्या. तुमच्या मुलाला काही झालं नाही हे चांगलंच झालं, पण म्हणून दुसऱ्याला सांगू नका. आमच्याकडेही यावरून सासू-सुनेचं दोन दिवस वाजलं. शेवटी लसीकरणाला गेलो तेव्हा सिस्टरनाच सासूबाईंसमोर विचारलं. मी सांगितलेलं पटलं नव्हतं, सिस्टरचं पटलं. ही पण एक युक्तीच समजा.

*

पायतणाचं : दोन्ही चपलांच्या आत मिळून एक मासा काढायचा, डावीत तोंड, उजवीत शेपूट. मासा जुळला की चप्पल बरोबर. बॉलपेननं काढू नका, घामानं पुसतो.

*

माझा अनुभव फसलेल्या युक्तीचा आहे. बाप म्हणून लिहायला थोडी लाज वाटते.

मुलगा चार वर्षांचा. जेवला नाही की "पोलीस येईल", झोपला नाही की "पोलीस पकडून नेईल". सोप्पं होतं. दोन मिनिटांत ताट साफ. आजी, आत्या, शेजारी, सगळ्यांनी हेच धरलं.

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा. अक्षता सोहळ्याच्या दिवशी आम्ही सम्मती कट्ट्याकडे गेलो. मी बाराबंदीत (यात्रेचा पांढरा पोशाख), तोही बाराबंदीत, हौसेनं शिवलेली. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) येतात तेव्हा जिकडे बघावं तिकडे पांढरं. पोरानं माझं बोट सोडलं आणि शेजारच्या पांढऱ्या धोतराला धरलं. त्याला वाटलं पप्पा. मला वाटलं बायकोनं घेतलाय. बायकोला वाटलं माझ्याकडे आहे. ते धोतर वीस-तीस पावलं पुढं गेल्यावर त्या काकांनी खाली बघितलं.

काका भले माणूस. त्यांनी त्याला उचलून बंदोबस्ताच्या पोलिसाकडे न्यायला सुरुवात केली. आणि खाकी बघून आमच्या चिरंजीवांनी असा काही आकांत मांडला, की लोकांना वाटलं काकाच पोर पळवतायत. त्यांच्या हातातून सुटून तो एका हातगाडीच्या खाली जाऊन बसला. पोलीस वाकून बोलवतोय, हा आणखी आत सरकतोय. नाव विचारलं तर गप्प. शेवटी एका मावशींनी गाडीखाली हात घालून चिरमुरे दिले, तेव्हा म्हणाला, "मी जेवतो, मला नेऊ नका." तो पंधरा-वीस मिनिटांनी आम्हाला सापडला. ते वाक्य मावशींनी मला सांगितलं तेव्हा काय बोलावं कळेना.

त्यानंतर घरात पोलिसाचं नाव घेऊन कुणी भीती घालायची नाही, असं ठरलं. आजीला जड गेलं. सात रस्ता चौकातून जाताना मी मुद्दाम गाडी बाजूला घेऊन ट्रॅफिकच्या हवालदारांना रामराम करायला लावतो. पहिल्यांदा माझ्या मागं लपला. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांनीच "काय बे, शाळेला चाललास?" विचारलं आणि हा हसला.

आता गर्दीत जाताना आम्ही तीन गोष्टी करतो. निघण्याआधी त्याच दिवशीच्या कपड्यात फोटो, म्हणजे शोधताना दाखवता येतो. खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी, आणि हातावरही बॉलपेननं. आणि आईबापांचं पूर्ण नाव पाठ. "पप्पा" एवढंच सांगणाऱ्या पोराचे पप्पा भोंग्यावरून शोधायचे कसे? यंदा होम मैदानावरच्या गड्ड्याला (यात्रेतल्या जत्रेला) गेलो तेव्हा बाराबंदीवर केशरी उपरणं बांधलं होतं. फोटोत विचित्र दिसतं, दिसू दे.

*

वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे पोलिसाऐवजी "सुईवाला डॉक्टर" आहे. आजच बंद करते.

*

आजोबा आहे, त्यामुळे थोडं जुनं वाटेल. नात भाकरीला तोंड लावायची नाही, पोळीच पाहिजे. सोलापुरात राहून भाकरी नको म्हणजे काय! तिच्या आजीनं तिला पिठाचा लिंबाएवढा गोळा दिला आणि परातीशेजारी बसवलं. आजी थापते, ही थापते. हिची चानकी कधी बैलाच्या आकाराची, कधी मधोमध भोक पडलेली. आजीनं एकदाही ती नीट करून दिली नाही, तशीच तव्यावर टाकली. स्वतःच्या हातची म्हणून तुकडा तुकडा खाते, शेंगाचटणी अन् दही लावून. चटणी आमच्याकडे दोन होतात, तिची बिनतिखटाची आणि बारीक कुटलेली. अख्खा शेंगदाणा लहान पोरांच्या हाती देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. पाच वर्षांची होईपर्यंत कूटच. पीठ जमिनीवर सांडतं, मुंग्या येतात, सून वैतागते. तिचंही बरोबर आहे, झाडायला तीच असते. आता झाडणं माझ्याकडे.

*

शेंगदाण्यावरून आठवलं. नवरा पुण्यात नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून हुतात्मा एक्सप्रेस पकडतो, घरी यायला रात्र होते. रविवारी परत. साडेतीन वर्षांच्या मुलाला शुक्रवार म्हणजे काय ते कळत नाही. "उद्या येतील" म्हणून दोन-तीनदा वेळ मारून नेली, मग त्यानं "उद्या" या शब्दावरच विश्वास ठेवणं सोडलं. "उद्या बागेत जाऊ" म्हटलं तरी रडायचा.

मग सोमवारी सकाळी खिडकीत भुईमुगाच्या पाच शेंगा मांडायला लागले. रोज रात्री झोपताना एक त्यानं फोडायची. (दाणे मी घेते, कुटात जातात. टरफल त्याचं.) खिडकी रिकामी झाली की पप्पा येणार. दोन आठवडे अगदी सुरळीत. पोरगं येता-जाता शेंगा मोजायचं, रडणं निम्म्यावर आलं.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी उठून बघते तर खिडकीत एकही शेंग नाही. खाली टरफलांचा ढीग, दाणे एका वाटीत नीट भरून माझ्यासाठी ठेवलेले, आणि साहेब चप्पल घालून दारात उभे. डावी-उजवी बरोबर.

नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसच्या बसमध्ये होता. मुलानं फोन हातात घेतला आणि म्हणाला, "पप्पा, शेंगा संपल्या."

आता शेंगा वरच्या फळीवर असतात, डब्यात. रोज एक खाली येते.