डोळे मिटले की नुसता काळोख, म्हणजे उजवा मेंदू कच्चा का?

शंकासूर
प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. मला डोळे मिटून काहीच दिसत नाही. आईचा चेहरा आठव म्हटलं तर ती कशी दिसते ते मला पक्कं माहितीये, डाव्या भुवईतली खाच, हसताना एकच गाल आत जातो, सगळं सांगेन पण चित्र असं काही येतच नाही. आता स्मरणशक्ती वाढवायचा एक ऑनलाइन कोर्स लावलाय, तिथे पहिल्याच धड्यात मनातल्या घरात एकेका खोलीत वस्तू मांडून ठेवा म्हणे, तिथेच गाडी अडली. शिकवणारा म्हणतो तुम्ही लेफ्ट ब्रेनवाले, राइट ब्रेन झोपलाय, तो जागा करायचं वेगळं सेशन आहे (अर्थात पैसेही वेगळे). गंमत म्हणजे घरात खिडक्या किती ते मी फटकन सांगतो. चित्रच नाही तर मग मोजतो काय मी?

निशाचर
पैसे आधी खिशात ठेवा राव. तुमच्यासारखी बरीच माणसं आहेत, अ‍ॅडम झीमन या न्यूरॉलॉजिस्टने २०१५ मध्ये त्याला अफँटेशिया असं नाव दिलं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तर १८८० मध्येच लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल डोळ्यासमोर आणायला सांगितलं होतं आणि काहींना काहीच दिसेना, त्यात चांगले शास्त्रज्ञ होते.
आणि चित्रं उजवीकडे, शब्द डावीकडे ही वाटणीच लंगडी आहे. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, कापलेल्या जे.डब्ल्यू. नावाच्या पेशंटवर १९८५ मध्ये प्रयोग झाला. त्याला इंग्रजीतलं मोठं अक्षर एकाच अर्धगोलाला दिसेल असं दाखवायचे आणि विचारायचे, याचंच छोटं अक्षर उंच असतं की बुटकं? म्हणजे न दिसणारं अक्षर मनात काढून बघणं आलं. डाव्या अर्ध्याने बरोबर सांगितलं, उजवा मात्र अडखळला, अक्षरं ओळखता येत असूनही! उलट मनातल्या मनात वस्तू फिरवून बघायची असेल तर तशाच दुसऱ्या एका पेशंटमध्ये उजवा सरस निघाला. चित्र ‘काढणं’ एकीकडे आणि ‘फिरवणं’ दुसरीकडे झुकतं, आता यात तुमचा नक्की कोणता भाग झोपलाय ते त्या सरांनाच विचारा 😄

आडवाटेची
मिलानचा किस्सा कुणीच सांगितला नाही अजून? बिसियाक आणि लुझाती या संशोधकांचा, १९७८ चा. मिलानमधले दोन पेशंट, दोघांच्याही उजव्या मेंदूला इजा झालेली, त्यामुळे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. त्यांना सांगितलं, कल्पना करा तुम्ही कॅथेड्रलसमोरच्या चौकात पलीकडच्या टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं सांगा. त्यांनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले आता कॅथेड्रलच्या दारात उभं राहून चौकाकडे बघा, तर मघाशी वगळलेल्या इमारती धडाधड सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गायब!! म्हणजे आठवण पुसलेली नव्हतीच, अख्खा चौक डोक्यात शाबूत, पण ज्या बाजूला उभं राहून आठवाल त्याची डावी बाजू हाती लागेना. माहिती साठवलेली असणं आणि ती काढता येणं हे किती वेगळं आहे ते इथे कळतं.

खडूसमहाराज
मला तर वाटतं सगळ्यांना सारखंच दिसतं, सांगतात वेगळं. कोण कुणाच्या डोक्यात जाऊन बघणारे?

निशाचर
डोक्यात नाही पण डोळ्यात बघता येतं महाराज. उजळ आकाराची नुसती कल्पना केली तरी बाहुली किंचित आकुंचते. २०२२ च्या एका अभ्यासात अफँटेशियावाल्यांमध्ये हे दिसलं नाही, खऱ्या उजेडाला मात्र त्यांच्या बाहुल्या व्यवस्थित आकुंचत होत्या. हे काय ठरवून करता येतं होय?

आडवाटेची
@शंकासूर खिडक्यांचं राहिलंच. खोलीचा फोटो दाखवून नंतर आठवणीतून काढायला सांगितलं, तेव्हा अशा लोकांनी वस्तू कमी काढल्या, रंगही कमी, पण जी वस्तू काढली ती जागच्या जागी. आणि नसलेल्या वस्तू घुसडणं इतरांपेक्षा कमी! कुठे काय आहे याचा हिशोब मेंदू चित्राशिवायही ठेवतो, बहुतेक तुम्ही तोच मोजताय. जुने प्रसंग बारकाव्यांसकट आठवायला मात्र बऱ्याच जणांना जड जातं, तुमचं तसं आहे का?

शंकासूर
हो ना, लग्नात कोण कोण आलं होतं ते यादीसारखं आठवतं, प्रसंग असा नाही. बरं मग लेफ्ट ब्रेनवाला प्रकार पूर्ण थापच?

निशाचर
माणसांचे तसे दोन गट पाडणं, हो. युटा विद्यापीठात १०११ जणांचे स्कॅन तपासले (२०१३), काही कामं एका बाजूला झुकतात हे दिसलं, पण अख्खा माणूसच डावा किंवा उजवा असं काही सापडलं नाही. लक्षात ठेवायचंच असेल तर पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारत जा, त्याला चित्र लागत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे करून बघितलंय, पाच मिनिटांनी तपासलं तर परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासलं तर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे.

शंकासूर
हे जमेल. कोर्सवाल्याला रिफंड मागतो आधी.