मदत हवी आहे : मादी काह्ल की शार्प?

मी ठाण्यात मानपाड्याला राहतो. माझ्याकडे अल्बिनो (अंगात काळा रंग नसलेल्या) बोआ सापांची जोडी आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेली. (आई अजून त्या खोलीत केर काढायला जात नाही, ते सोडा.) काह्ल आणि शार्प हे अल्बिनो बोआचे दोन वाण; नर काह्ल आहे. मादी कुठल्या वाणाची, हे देणाऱ्यालाच माहीत नव्हतं. ती शार्प निघाली तर पंचाईत! दोन्हींचा अल्बिनोपणा अप्रभावी (आई-बाप दोघांकडून तेच जनुक आलं तरच दिसणारा), पण जनुकं वेगळी. म्हणजे सगळी पिल्लं दिसायला साधीच, दोन्ही जनुकं पोटात दडवलेली. आणि बोआ अंडी घालत नाही, एका खेपेला २०-२५ जिवंत पिल्लंही देते. वन बीएचकेत ठेवू कुठे?

नुसत्या रंगावरून काह्ल-शार्प ओळखता येतात का? की जोडी लावूनच कळतं? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, ऐकीव नको.